लसींची तुलना आकड्यांत कशी मांडायची: एएचपी आणि टॉप्सिस, पायरीपायरीने

लस निवडताना परिणामकारकता, किंमत, साठवण आणि दोन डोसमधलं अंतर हे चारही निकष वेगवेगळ्या दिशांना ओढतात. एक लस स्वस्त, पण दुसऱ्या डोसला तीन महिने थांबवते. दुसरी लवकर पूर्ण होते, पण तिला डीप फ्रीझर लागतो. अशा वेळी बहुनिकष निर्णयपद्धती वापरतात. त्यातल्या दोन सगळ्यांत रुळलेल्या: निकषांचे भार, म्हणजे कोणता निकष किती महत्त्वाचा ते, काढण्यासाठी एएचपी (ॲनॅलिटिक हायरार्की प्रोसेस; थॉमस साटी यांची, १९७०च्या दशकातली) आणि पर्यायांचा क्रम लावण्यासाठी टॉप्सिस (ह्वांग आणि यून, १९८१). दोन्ही एक्सेलच्या एका शीटवर तासाभरात होतात. गणित सोपं आहे. चुका होतात त्या शीटमध्ये आकडे भरताना आणि उत्तर वाचताना.

उदाहरण कोविड लसींचं, जुलै २०२१ मधलं घेऊ, कारण त्या वेळचे दर आणि चाचण्यांचे आकडे जाहीर आहेत. समजा, पुण्यातल्या बाणेरची एक मोठी सोसायटी खासगी रुग्णालयामार्फत आवारातच लसीकरण शिबिर घेते आहे. समोर तीन पर्याय: कोव्हिशील्ड, कोव्हॅक्सिन, स्पुटनिक व्ही. निर्णय कमिटीचा. (पुणेकरांसाठी एक सूचना: कोव्हिशील्ड पुण्याजवळच्या मांजरी गावात बनली आणि कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत वेगळा केला गेला. त्यामुळे 'आपली लस' असा निकष कोणी सुचवलाच तर तो दोघींना सारखाच लागू होतो. सोडून द्या.)

आधी चाळणी, मग गुण

एएचपी आणि टॉप्सिस दोन्ही भरपाई करणाऱ्या पद्धती आहेत. एका निकषात कमी पडलेला पर्याय दुसऱ्या निकषात ते भरून काढू शकतो. किंमत आणि दिवसांच्या बाबतीत हे चालतं. सुरक्षिततेच्या बाबतीत चालत नाही. दीडशे रुपये स्वस्त आहे म्हणून मंजुरी नसलेली लस पुढे सरकली, असं व्हायला नको. म्हणून काही प्रश्न हो-नाहीचे ठेवा आणि ते गणिताच्या आधीच विचारा. देशाच्या औषध नियंत्रकांची मंजुरी आहे का? शिबिरातल्या वयोगटाला चालते का? ॲलर्जी किंवा रक्तात गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास असलेल्यांसाठी डॉक्टर काय सांगतात? दुसऱ्या डोसचा साठा नक्की मिळणार आहे का? स्पुटनिकसाठी हा शेवटचा प्रश्न कळीचा होता. तिचे दोन डोस दोन वेगळ्या विषाणूवाहकांचे (लसीचा मजकूर पेशीत नेणारे विषाणू; आधी एडी२६, मग एडी५), म्हणजे पहिल्या डोसच्या उरलेल्या व्हायल दुसऱ्यासाठी चालत नाहीत. एकाही प्रश्नाला 'नाही' उत्तर आलं तर तो पर्याय तक्त्यात घ्यायचाच नाही.

तक्ता भरताना

निकष चार पुरेत. सातच्या वर गेलात तर जोडीजोडीने तुलना करताना माणसं थकतात आणि काहीतरी टिकमार्क करतात. शिवाय एकच गोष्ट दोन नावांनी येऊ देऊ नका. 'डोसची संख्या', 'दोन डोसमधलं अंतर' आणि 'पूर्ण होण्यास लागणारे दिवस' असे तीन स्तंभ केले, तर वेळ हा निकष तिप्पट मोजला जातो.

| लस | परिणामकारकता (%) | दुसऱ्या डोसपर्यंत दिवस | एका डोसची किंमत (₹) | साठवणीचा त्रास (१ ते ५) |
|---|---|---|---|---|
| कोव्हिशील्ड | ८१.३ | ८४ | ७८० | १ |
| कोव्हॅक्सिन | ७७.८ | २८ | १४१० | १ |
| स्पुटनिक व्ही | ९१.६ | २१ | ११४५ | ३ |

किंमत ८ जून २०२१ ला केंद्राने खासगी रुग्णालयांसाठी ठरवलेली कमाल मर्यादा आहे. त्यात लसीचा दर, ५ टक्के जीएसटी आणि १५० रुपये सेवाशुल्क धरलेलं आहे. तिन्ही लसींचे डोस दोनच, म्हणून एका डोसची किंमत घेतली तरी क्रम बदलत नाही. डोस कमी-जास्त असतील तर मात्र पूर्ण कोर्सची किंमत घ्यावी लागते.

परिणामकारकतेच्या स्तंभाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. कोव्हिशील्ड ही ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेका लसीची इथली आवृत्ती. त्या लसीचे प्रसिद्ध झालेले आकडे पाहा: दोन पूर्ण डोसच्या गटात ६२.१, चुकून अर्धा पहिला डोस मिळालेल्या गटात ९०.०, दोन्ही गट मिळून ७०.४. नंतरच्या विश्लेषणात अंतर सहा आठवड्यांपेक्षा कमी असताना ५५.१, बारा आठवडे किंवा जास्त असताना ८१.३. लस एकच, आकडे पाच. यातला कोणता घ्यायचा ते दुसऱ्या स्तंभावरून ठरतं. भारतात मे २०२१ पासून अंतर १२ ते १६ आठवडे होतं. म्हणून दिवस ८४ लिहिले तर परिणामकारकता ८१.३. कोणी ८४ दिवसांसमोर ६२.१ लिहिलं, किंवा २८ दिवसांसमोर ८१.३, तर अशी लस कुठे अस्तित्वातच नाही. म्हणून पर्यायाचं नाव नुसतं 'कोव्हिशील्ड' न लिहिता 'कोव्हिशील्ड, १२ आठवडे' असं लिहायची सवय लावा.

आणखी एक खाच आहे. हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या चाचण्यांतले आहेत. कोव्हिशील्डचा ब्रिटन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांमधला. स्पुटनिकचा मॉस्कोतला, २०२० च्या अखेरीचा, म्हणजे डेल्टा येण्याआधीचा. कोव्हॅक्सिनचा भारतातला, त्यात डेल्टाची लाट पकडली गेलेली. फक्त डेल्टापुरता तिचा आकडा ६५.२ होता. मोजणी सुरू होण्याचा दिवसही वेगळा. कोव्हॅक्सिन आणि ॲस्ट्राझेनेकाने दुसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी लागण मोजायला सुरुवात केली, स्पुटनिकने पहिल्या डोसनंतर २१ व्या दिवसापासून. म्हणजे ९१.६ आणि ७७.८ यांतल्या फरकाचा काही भाग लसीचा आणि काही भाग विषाणूचा, जागेचा, मोजण्याच्या रीतीचा. गणित हा फरक ओळखत नाही. त्यामुळे प्रत्येक आकड्यासमोर त्याची विश्वासमर्यादाही (खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मधे असण्याची शक्यता मोठी, ती टोकं) लिहून ठेवा, पुढे लागेल: कोव्हिशील्ड ६०.३ ते ९१.२, कोव्हॅक्सिन ६५.२ ते ८६.४, स्पुटनिक ८५.६ ते ९५.२.

साठवणीच्या स्तंभात तापमान जसंच्या तसं लिहू नका. स्पुटनिकच्या द्रवरूपाला उणे १८ अंश लागतात, बाकी दोघींना २ ते ८. टॉप्सिसमध्ये पुढे प्रत्येक आकड्याचा वर्ग करतात, म्हणजे −१८ आणि +१८ एकच होऊन बसतात. केल्विनमध्ये बदललं तर सुमारे २५५ आणि २७८, म्हणजे फरक जवळजवळ पुसला जातो. सेल्सिअसचं शून्य सोयीसाठी ठरवलेलं आहे, त्यामुळे असल्या मापाची गुणोत्तरं काढण्यात अर्थच नसतो. त्याऐवजी प्रत्यक्षात किती त्रास होतो याचे गुण द्या. साधा लसीचा फ्रिज १, डीप फ्रीझर ३, उणे ७० वाला अतिशीत फ्रीझर ५. हे गुण तुमच्या हातचे आहेत, हे विसरू नका. त्यांची झडती शेवटी घ्यायची आहे.

भार काढणं: एएचपी

निकष दोन-दोन घेऊन विचारायचं: यातला जास्त महत्त्वाचा कोणता आणि किती पट? १ म्हणजे सारखे, ३ म्हणजे थोडा जास्त, ५ बराच, ७ खूपच, ९ टोकाचा. २, ४, ६, ८ मधल्या पायऱ्या. चार निकषांच्या सहा जोड्या होतात. समजा कमिटीने ठरवलं: परिणामकारकता विरुद्ध दिवस ३, परिणामकारकता विरुद्ध किंमत ३, परिणामकारकता विरुद्ध साठवण ५, दिवस विरुद्ध किंमत २, दिवस विरुद्ध साठवण ३, किंमत विरुद्ध साठवण २. हे आकडे चार ओळी आणि चार स्तंभांच्या तक्त्यात मांडा. कर्णावर सगळीकडे १. कर्णाखाली या आकड्यांचे व्यस्त: १/३, १/५ वगैरे.

आता प्रत्येक ओळीचं भूमितीय मध्य काढा. चार आकड्यांचा गुणाकार करून चौथं मूळ. एक्सेलमध्ये जिओमीन हे फंक्शन आहे. परिणामकारकतेच्या ओळीत १ × ३ × ३ × ५ = ४५, चौथं मूळ २.५९०. पुढच्या तीन ओळी १.१८९, ०.७६०, ०.४२७. बेरीज ४.९६६. प्रत्येकाला बेरजेने भागा: परिणामकारकता ०.५२, दिवस ०.२४, किंमत ०.१५, साठवण ०.०९.

उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते तपासा. वरच्या आकड्यांत परिणामकारकता दिवसांच्या तिप्पट आणि दिवस किमतीच्या दुप्पट. मग परिणामकारकता किमतीच्या सहापट यायला हवी, पण कमिटीने ३ म्हटलं. एवढी विसंगती माणसांच्या उत्तरांत असणारच. ती मोजायची रीत अशी: जोड्यांच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीचे आकडे त्या त्या स्तंभाच्या भाराने गुणून बेरीज करा, येणाऱ्या प्रत्येक बेरजेला त्या ओळीच्या भाराने भागा, चारही भागाकारांची सरासरी घ्या. इथे ती ४.०५९ येते. त्यातून ४ वजा करून ३ ने भागा, ०.०२०. त्याला चार निकषांसाठीच्या ठरीव आकड्याने, म्हणजे ०.९० ने भागा: ०.०२२. हे सुसंगतता गुणोत्तर ०.१० च्या खाली असेल तर भार वापरण्याजोगे. (तीन निकषांसाठी ठरीव आकडा ०.५८, पाचांसाठी १.१२.) ०.१० च्या वर गेलं तर बहुतेक वेळा कारण साधं असतं: कोणीतरी एक व्यस्त उलटा भरलेला असतो, ३ च्या जागी १/३.

कमिटीत पाच जण असतील तर पाचांची उत्तरं भूमितीय मध्यानेच एकत्र करा, साध्या सरासरीने नाही. एकाने ४ म्हटलं आणि दुसऱ्याने १/४, तर साधी सरासरी २.१२५ येते. जोडी उलटी करून विचारलं तरीही २.१२५. म्हणजे दोन्ही निकष एकमेकांच्या दुपटीहून जास्त महत्त्वाचे! भूमितीय मध्य १ देतं, आणि तेच बरोबर आहे.

क्रम लावणं: टॉप्सिस

कल्पना अशी: प्रत्येक स्तंभातला सर्वोत्तम आकडा घेऊन एक काल्पनिक आदर्श लस बनवायची, सर्वांत वाईट आकडे घेऊन एक काल्पनिक टाकाऊ लस. मग खरी लस आदर्शाच्या किती जवळ आणि टाकाऊपासून किती दूर, ते मोजायचं.

प्रत्येक स्तंभातल्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा आणि तिचं वर्गमूळ काढा. चार स्तंभांची वर्गमुळं अशी: १४५.१०, ९१, १९७६.७५, ३.३१७. प्रत्येक आकड्याला त्याच्या स्तंभाच्या वर्गमुळाने भागा, मग भाराने गुणा.

| लस | परिणामकारकता | दिवस | किंमत | साठवण |
|---|---|---|---|---|
| कोव्हिशील्ड | ०.२९१ | ०.२२२ | ०.०५९ | ०.०२७ |
| कोव्हॅक्सिन | ०.२७९ | ०.०७४ | ०.१०७ | ०.०२७ |
| स्पुटनिक व्ही | ०.३२८ | ०.०५५ | ०.०८७ | ०.०८१ |

आदर्श निवडताना परिणामकारकतेत सर्वांत मोठा आकडा, बाकी तिन्हींत सर्वांत लहान. इथे हमखास घसरतात: किमतीच्या स्तंभातही सवयीने कमाल उचलली जाते आणि सर्वांत महाग लस आदर्श ठरते. आदर्श: ०.३२८, ०.०५५, ०.०५९, ०.०२७. टाकाऊ: ०.२७९, ०.२२२, ०.१०७, ०.०८१. प्रत्येक लसीचं दोन्हींपासूनचं अंतर काढा (फरकांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ). आदर्शापासून अंतर अनुक्रमे ०.१७०, ०.०७१, ०.०६१. टाकाऊपासून ०.०७३, ०.१५७, ०.१७५. टाकाऊपासूनच्या अंतराला दोन्ही अंतरांच्या बेरजेने भागलं की गुण मिळतात: स्पुटनिक ०.७४, कोव्हॅक्सिन ०.६९, कोव्हिशील्ड ०.३०.

बहुतेक जण इथे थांबून अहवाल लिहायला घेतात. थांबू नका.

निर्णय नेमका कोणी घेतला?

कमिटीने परिणामकारकतेला ५२ टक्के भार दिला होता. पण वरच्या तक्त्यात परिणामकारकतेच्या स्तंभातला सर्वांत मोठा आणि लहान आकडा यांत फरक किती? ०.३२८ वजा ०.२७९, म्हणजे ०.०४९. दिवसांच्या स्तंभात? ०.१६६. भार निम्म्याहूनही कमी आणि प्रभाव तिपटीहून जास्त. कोव्हिशील्ड तळाला गेली ती ८४ दिवसांमुळे, परिणामकारकतेमुळे नाही; तिची परिणामकारकता तर कोव्हॅक्सिनपेक्षा जास्त धरली होती. निकषाचा खरा जोर म्हणजे भार गुणिले पसारा. ७८ ते ९२ हा पसारा भागाकारानंतर चिंचोळा होतो, २१ ते ८४ रुंदच राहतो. म्हणून भारित तक्त्याखाली प्रत्येक स्तंभाचा पसारा लिहायची एक ओळ ठेवा. तो आणि कमिटीचा हेतू जुळत नसेल तर दोष मापात शोधा.

मापं दोन ठिकाणी बदलता येतात. एक, दिवस. पहिल्या डोसनंतरही काही संरक्षण मिळतं, म्हणजे ८४ दिवस ही २१ च्या चौपट वाईट अवस्था नाही. कमिटीला जर '३० दिवसांपर्यंत ठीक, त्यापुढे गैरसोय' एवढंच म्हणायचं असेल तर दिवसांऐवजी १, २, ३ असे गुण द्या. दोन, परिणामकारकता. ती '१०० वजा परिणामकारकता', म्हणजे उरलेली जोखीम, अशी लिहिली तर आकडे १८.७, २२.२ आणि ८.४ होतात आणि हा स्तंभ कमीत कमी हवा असलेल्यांत जातो. माहिती तीच, पण आता स्पुटनिकची जोखीम इतरांच्या निम्म्याहून कमी दिसते. गुण होतात स्पुटनिक ०.८३, कोव्हॅक्सिन ०.३९, कोव्हिशील्ड ०.२८. आधी पहिल्या दोघींत ०.०५ चा फरक होता, आता ०.४४ चा. लसी बदलल्या नाहीत, चाचण्या बदलल्या नाहीत, फक्त स्तंभाचं शीर्षक बदललं. आजाराची जोखीम हाच प्रश्न असेल तर उरलेली जोखीम हे माप जास्त प्रामाणिक आहे. पण कोणतं घेणार ते उत्तर पाहण्याआधी ठरवा.

हलवून पाहणं

शीटची प्रत काढून एकेक गोष्ट बदला, एका वेळी एकच.

साठवणीचा भार ०.०९ वरून ०.१२ करा आणि बाकीचे ०.५०, ०.२३, ०.१५ ठेवा. कोव्हॅक्सिन ०.७०, स्पुटनिक ०.६८. पहिला क्रमांक बदलला, तोही तीन शतांशांच्या फरकाने. एवढी अचूकता कोणत्याही कमिटीच्या मतात नसते.

भार मूळचेच ठेवून स्पुटनिकचे साठवणीचे गुण ३ ऐवजी ५ करा. ०.७०० च्या आसपास स्पुटनिक, ०.६९६ कोव्हॅक्सिन. बरोबरीच म्हणायची.

परिणामकारकतेच्या विश्वासमर्यादांची खालची टोकं घाला: ६०.३, ६५.२, ८५.६. क्रम तोच राहतो, गुण कोव्हिशील्ड ०.२७, कोव्हॅक्सिन ०.६१, स्पुटनिक ०.७७. म्हणजे निकालाला धोका चाचणीतल्या अनिश्चिततेपेक्षा साठवणीच्या तुमच्याच आकड्याचा जास्त आहे. शिबिराच्या जागी डीप फ्रीझर आहे का, रुग्णालय तो आणणार का, वीज गेली तर जनरेटर कुणाचा, हे विचारून घेतलं की अर्धा प्रश्न गणिताशिवाय सुटतो. फ्रीझर नसेल तर स्पुटनिक चाळणीतच गळते.

एखादा पर्याय काढल्यावर टॉप्सिस पुन्हा पहिल्यापासून चालवा, जुन्या गुणांवरून क्रम वाचू नका. स्तंभांची वर्गमुळं, आदर्श आणि टाकाऊ बिंदू सगळे बदलतात, आणि कधीकधी उरलेल्यांचा आपसातला क्रमही उलटतो. इथे स्पुटनिक वगळली तर कोव्हॅक्सिन ०.७१, कोव्हिशील्ड ०.२९, क्रम टिकला, पण ८४ दिवसांच्या जोरावरच.

अहवालात '०.७४ गुणांनी स्पुटनिक सर्वोत्तम' असं लिहू नका. 'डीप फ्रीझर असेल आणि साठवणीचा भार ०.०९ च्या वर फारसा जात नसेल तर स्पुटनिक, नाहीतर कोव्हॅक्सिन. किंमत हाच मुख्य अडसर असेल तर भार बदलून पुन्हा पाहावं' असं लिहा. सोबत भार, साठवणीचे गुण आणि परिणामकारकतेचे आकडे कुठल्या चाचणीचे, हे जोडा.

हीच शीट एचपीव्ही लसीसाठी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसींची तुलना आता जास्त विचारली जाते: सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक (जानेवारी २०२३ पासून) आणि गार्डासिल ९. इथे 'एचपीव्ही विषाणूच्या किती प्रकारांवर चालते' या स्तंभात ४ आणि ९ लिहिण्याचा मोह होतो. तसं केलं की दुसरी लस सव्वादोन पट दिसते. पण प्रकार १६ आणि १८ हे दोनच सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांना कारणीभूत आहेत आणि ते दोन्ही लसींत आहेत. नऊ प्रकारांच्या लसीने हा वाटा सुमारे ९० टक्क्यांवर जातो. म्हणून स्तंभात ७० आणि ९० लिहा. प्रकार ६ आणि ११ हे चामखिळींचे, कर्करोगाचे नाहीत, आणि तेही दोन्हींत आहेत. ते तुलनेत आणायची गरज नाही.

दोन्ही लसी २ ते ८ अंशांतच राहतात, म्हणून साठवणीचा स्तंभ काढून टाका. सगळ्यांचा आकडा सारखा असलेला स्तंभ निकाल बदलत नाही, पण भाराचा वाटा खातो आणि कमिटीला वाटतं की साठवणीचा विचार झाला. वयोगटानुसार दोन वेगळ्या शीट करा: ९ ते १४ वर्षांसाठी दोन डोस, १५ आणि पुढे तीन. किंमत दोन्हीकडे पूर्ण कोर्सची लिहा.